बुर्गाची पाटी

बुर्गा हिल्बेच्या नाकावर राग असतो, असं परगावचे लोक म्हणतात. नाकावर कसला? राग तिच्या घरचाच माणूस होता. तो तिच्याबरोबर पहाटे उठायचा, मक्याचा रीबल, म्हणजे भाजलेला मोकळा सांजा, कॉफीत बुडवून तिच्याबरोबर खायचा आणि काठी उचलून तिच्याबरोबर गुरांमागे निघायचा. ट्रीझनबर्ग या आमच्या गावात आम्ही सगळेच उभ्या डोंगराला चिकटून जगणारी माणसं, मऊ स्वभाव इथे कोणालाच परवडत नाही. तरी बुर्गा ओरडली की समोरच्या उतारावरचा माणूस दचकून आपलंच काही चुकलं का ते बघायचा.

तिचा बाप गाल्टूना नावाच्या आमच्या उन्हाळी कुरणावर गावाची गुरं राखायचा. तो गेला तेव्हा बाईमाणसाला गुराखी कसं नेमायचं, म्हणून कुरणाच्या बैठकीत पुरुषांनी तोंडं वाकडी केली. बुर्गा तेव्हा खाली दरीतल्या एका कारखान्यात यंत्रावर काम करत होती. कामाचा झगा अंगावर तसाच ठेवून ती बैठकीत येऊन उभी राहिली.

"माझ्यापेक्षा ज्याला गुरं जास्त कळतात त्यानं हात वर करा," ती म्हणाली. "आणि वर केलेला हात उद्या पहाटे धारेलाही लागणार, एवढं ध्यानात ठेवा."

एकही हात वर गेला नाही. तेव्हापासून जूनमध्ये गुरं वर जायची ती बुर्गाच्या मागून आणि सप्टेंबरात खाली यायची तीही बुर्गाच्या मागून. लग्नाचं कोणी विचारलंच तर म्हणायची, "एवढी जनावरं सांभाळते, आणखी एक कशाला?" संध्याकाळी लाकडी नरसाळं तोंडाला लावून गुराख्याने कुरणावर देवाची राखण मागायची असते. जिथवर आवाज पोचेल तिथवर रात्री भय नाही. बाकीचे गुराखी ती गाऊन मागतात. बुर्गा एकेका संताला नावानिशी हाक मारून अशी दरडावायची, की कालची काही चूक त्याच्या पदरात घालते आहे असं वाटावं.

आणि मग आले पिवळे बाण.

बुर्गाच्या बापाने पहारीने दगड फोडून गुरांसाठी जी वाट केली होती, तीच कोणीतरी फिरायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी पिवळ्या बाणांनी आखली आणि माहितीपत्रकात छापली. सोप्या आणि निसर्गरम्य पायवाटा! चढ फारसा नाही, लहान मुलांना आणि आजीआजोबांना सहज झेपेल, वाटेत प्रेमळ गाई भेटतील.

"प्रेमळ!" बुर्गा ते पत्रक हातात चुरगाळून म्हणाली. "वासराजवळ जाऊन फोटो काढा म्हणावं. शिंगावर घेतलं की कळेल प्रेम."

खरं सांगायचं तर तिचा राग वाजवी होता. उगाच पाहुण्यांची बाजू घेणाऱ्यांनी एक उन्हाळा वर काढून बघावा. गाईंच्या तोंडच्या गवतावर चादरी पसरून माणसं जेवायला बसतात. कुत्री मोकळी सोडतात. पाण्याच्या डोणीत पाय सोडून बसतात आणि गाय पाण्याला आली की किंचाळतात. पण या सगळ्यावर कडी म्हणजे ते फाटक. वरच्या कुरणाच्या एका अंगाला कडा आहे, त्याच्या काठाने तारेचं कुंपण, कड्याखाली घळ. खालच्या अंगालाही कुंपण आणि त्या कुंपणात फाटक. फाटक उघडं राहिलं की गुरं खाली उतरतात, पलीकडच्या गावाच्या गुरांत मिसळतात आणि मग अंधारात घंटांच्या आवाजावरून एकेक निवडून आणावी लागते. पाहुणे फाटक उघडत, समोरचं दृश्य बघून हरखून जात आणि तसेच पुढे चालू लागत. दरवर्षी, दर आठवड्याला हेच. आपल्या घरात ही माणसं दारं लावत नसतील का?

शेवटी यंदा जूनमध्ये बुर्गा गेबहार्डकडे गेली. गेबहार्ड आमचा सुतार. ऐंशी कधीच ओलांडलेली, बायको गेलेली, गोठ्यात एकच गाय, ग्रेटल. या माणसाबद्दल एवढं सांगितलं की पुरे: कुरणावरून गुरं फुलं बांधून घरी उतरतात, तेव्हा उन्हाळ्यात सगळ्यांत जास्त दूध देणाऱ्या गाईच्या कपाळावर जे रंगवलेलं लाकडी हृदय बांधतात, ते कित्येक वर्षं गेबहार्डच कोरत आला होता. मिरवून झालं की ते हृदय मालकाच्या गोठ्याच्या दारावर ठोकायचं. गावातल्या निम्म्या गोठ्यांवर गेबहार्डच्या हातची हृदयं आहेत. त्याच्या स्वतःच्या दारावर एकही नाही. त्याची गाय कधी पहिली आलीच नाही.

"मला एक फळी दे," बुर्गा म्हणाली. "मोठी. पाटी करायची आहे."

तिने काय लिहायचं ते कागदावर आणलं होतं. गेबहार्डने ते हात लांब धरून वाचलं. 'फाटक लावा! उघडं दिसलं तरी लावा! कोणी उघडं ठेवलं ते बघत बसू नका, लावा! सबब चालणार नाही!'

"एवढं सगळं? हे वाचून होईपर्यंत गाय पलीकडच्या गावात पोचेल."

"तू फळी दे, अक्कल नको देऊ."

"बुर्गा, एक सांगू? लोक तुझं ऐकत नाहीत म्हणून तुझं बरं चाललंय. उद्या ऐकायला लागले तर काय करशील?"

"शांत होईन."

"मग नाही देत फळी. शांत झालेली बुर्गा बघायची ताकद नाही राहिली माझ्यात." पण त्याने लार्च झाडाच्या टणक लाकडाची चांगली फळी दिली, तासून, कोपरे गोल करून. बुर्गाने लाल रंगाने अक्षरं काढली आणि पाटी फाटकाच्या खांबावर, माणसाच्या डोळ्यांसमोर येईल अशी ठोकली.

जुलैत एक दिवस ती धार काढून वर येते तर फाटक पुन्हा सताड उघडं, आणि पलीकडे दोन पाठमोऱ्या पिशव्या ऐटीत चाललेल्या. बुर्गाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने त्यांना गाठलं. सपाट मुलखातलं, हॉलंडचं निवृत्त जोडपं होतं, योस्ट आणि मारायके. सबंध उन्हाळ्यासाठी वरच्या मालबुन वस्तीत खोली घेऊन राहिलेलं. बुर्गाने योस्टच्या पिशवीवर काठीने टकटक केलं, दोघांना फाटकापर्यंत परत आणलं आणि पाटीसमोर उभं केलं.

"वाचा. मोठ्यानं!"

योस्टने मोडक्यातोडक्या उच्चारांत वाचलं.

"पुन्हा!"

पुन्हा वाचलं. मारायकेच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "माफ करा, हिल्बेबाई," ती म्हणाली, "आमच्याकडे डोंगर नाहीत हो, गाईंचं आम्हाला कळत नाही."

"डोंगर नसतील. दारं तर आहेत ना?"

ही गोष्ट बुर्गाने खाली येऊन आम्हाला मिटक्या मारत सांगितली. आम्हीही हसलो, तेव्हा आम्हालाही ते गोडच लागलं.

त्याच सुमाराला गेबहार्डच्या ग्रेटलने कमाल केली. दूध मोजायच्या प्रत्येक वेळी तीच पुढे. म्हातारा रविवारी वर यायचा, तिच्या पाठीवरून हात फिरवायचा आणि उतरायचा. त्याचे गुडघे गेले होते, गुरं खाली आली की दुसऱ्या दिवशी ग्रेटल विकायची हे ठरलं होतं. म्हणजे जे काही व्हायचं ते यंदाच, नाहीतर कधीच नाही. ऑगस्टमध्ये त्याने खोलीचं दार लावून एक हृदय कोरायला घेतलं. बुर्गाला त्याने ते दाखवलं, दुसऱ्या कोणालाच नाही. निळ्या रंगावर पांढरी फुलं होती आणि खाली नाव होतं, ग्रेटल.

"कोणाला बोलू नकोस," तो म्हणाला. "आधी बोललं की दृष्ट लागते."

"तुझ्या गाईला दृष्ट लावायची कोणाची छाती आहे? मी बसलेय वर," बुर्गा म्हणाली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी एका सकाळी वर फार उकडत होतं. माशा गाईंना टिकू देत नव्हत्या आणि पश्चिमेकडून काळं चढत होतं. बुर्गा वरच्या कुरणावर राहणार होती, पण खालच्या झोपडीशी ओस्वाल्डची गाय अडल्याचा निरोप आला. ओस्वाल्ड म्हणजे कुरणाचा कारभारी. गाईला सोडून चालणार नव्हतं. तेव्हा बुर्गाने तेच केलं जे तिचा बाप करायचा, आजा करायचा: फाटक पूर्ण उघडून खांबाशी दोराने बांधून टाकलं, बापाच्या गाठीने. वादळ आलं की गुरं आपणहून फाटकातून उतरून झाडीत आडोशाला येतात, त्यांना सांगावं लागत नाही. आणि दोराने बांधलेल्या फाटकाला हात लावायचा नाही, हेही कोणाला सांगावं लागत नाही. आमच्याकडे चालायला लागलेल्या पोराला ते कळतं. पाटीचा विचार तिच्या मनातसुद्धा आला नाही. पाटी पाहुण्यांसाठी होती आणि पाहुणे कधी ऐकतात?

गारा सुरू झाल्या तेव्हा तिचे दोन्ही हात वासराच्या पायांना लागले होते. येतील खाली, तिने मनात म्हटलं, फाटक उघडं आहे. वासरू जिवंत बाहेर आलं. ते गाईच्या तोंडाशी ठेवून ती तशीच, रक्ताच्या हातांनी, वर धावली.

घंटांचा आवाज भलत्या बाजूने येत होता. फाटक बंद होतं. कडी लावलेली होती, वरची आणि खालचीही. सगळा कळप फाटकावर दाटलेला, गारांनी पाठी पांढऱ्या झालेल्या, डोळे फिरलेले. मागच्या जनावरांनी रेटा दिला होता, कड्याकडचं कुंपण भुईसपाट झालं होतं आणि ओस्वाल्डची कालवड खाली घळीत पडली होती. ती हलत नव्हती.

दोर सुबक वेटोळं करून खांबाच्या खुंटीला अडकवून ठेवला होता. इतकं नीट बुर्गाने स्वतःही कधी ठेवलं नसतं.

तिने फाटक उघडलं. गुरं तिला घासून खाली गेली आणि ती तिथेच, पाटीखाली, उभी राहिली. गारांनी लाल रंगाचा टवकाही उडाला नव्हता. उघडं दिसलं तरी लावा. कोणी उघडं ठेवलं ते बघत बसू नका. सगळं तिला तिथेच कळलं, पहिल्या ओळीलाच कळलं. आणि कळल्याबरोबर तिला असा संताप आला की तिने तो दोर घळीत भिरकावला आणि ज्यांची नावं माहीत नाहीत अशा माणसांना घसा बसेपर्यंत शिव्यांची लाखोली वाहिली. रागाचं एक बरं असतं, स्वतःची चूक आत शिरायच्या आधी त्याला धरून बाहेर पडता येतं.

बैठकीत ओस्वाल्डने विचारलं, "काय झालं, बुर्गा?"

"त्या फिरस्त्यांनी फाटकाला हात लावला."

उघडलं की लावलं, हे कोणी विचारलं नाही. इतकी वर्षं एकच तक्रार ऐकली होती, विचारायचं काय? सगळे खवळले. पुढच्या वर्षीपासून वाट बंद, असं एकमताने ठरलं. कोणी म्हणालं पिवळे बाण उपटून टाका, कोणी म्हणालं पत्रक छापणाऱ्यांच्या दारात कालवडीचं कातडं नेऊन टाका. बुर्गा मान हलवत राहिली.

मग ओस्वाल्ड हळूच म्हणाला, "दुर्घटना झाली की गुरं बिनफुलांची उतरतात, हृदयही नाही, हा नियम आहे. पण कालवड माझी होती, आणि मी म्हणतो लावा फुलं. गेबहार्डसाठी. म्हाताऱ्याला पुन्हा कधी मिळणार?"

सगळ्यांनी बुर्गाकडे पाहिलं. कारण एका वर्षी वीज पडून गाय मेली असताना ओस्वाल्डच्या बापाने गुपचूप आपल्या गाईला फुलं बांधली होती आणि ती भर रस्त्यात उपटून काढणारी बुर्गाच होती. आता नुसतं हो म्हणायचं होतं. पण हो म्हणणं म्हणजे स्वतःच्या चुकीला सूट घेणं, असं तिला वाटलं. आणि चूक सांगून टाकायला तिची जीभ, जिला कधी हाड नव्हतं, ती उचलेना.

"नियम म्हणजे नियम," ती म्हणाली.

गेबहार्ड खुर्चीच्या पाठीला धरून उठला. "बरोबर बोलतेय ती," तो म्हणाला. "ज्यांनी फाटक उघडं टाकलं त्यांना देव बघून घेईल." आणि टोपी घालून निघून गेला. बुर्गा बसूनच राहिली.

गुरं उतरली त्या दिवशी ऊन लख्ख पडलं होतं. कपाळं मोकळी, गळ्यात रोजच्या छोट्या घंटा. आमच्यातले लोक रस्त्याच्या कडेला टोप्या काढून उभे होते. पाहुणे कॅमेरे सरसावून आले होते आणि एकमेकांना विचारत होते, फुलं कुठे आहेत, पत्रकात तर फुलं होती. बुर्गा कळपाच्या पुढे चालत होती, कोणी काही विचारलं तर खाऊ की गिळू अशी. ग्रेटलशेजारी गेबहार्ड चालत होता, जुना काळा कोट घालून. त्याचा गुडघा पावलापावलाला दुखत होता, तरी त्याने काठी घेतली नव्हती.

गावच्या वळणावर गर्दीतून एक बाई हात हलवत पुढे आली. मारायके. दुसऱ्या हातात रिबीन बांधलेला बिस्किटांचा डबा, मागे योस्ट.

"हिल्बेबाई! आम्ही सुधारलो बरं का!" ती आनंदाने म्हणाली. "तुम्ही ओरडलात ते फार बरं झालं. त्यानंतर एकदाही चुकलो नाही. त्या गारांच्या दिवशी तर काय सांगू, वादळ यायच्या आधी आम्ही खाली निघालो तर तुमचं फाटक सताड उघडं! कोणीतरी चक्क दोरीनं बांधून ठेवलेलं! काय एकेक माणसं असतात! गाठ सुटता सुटेना, पण योस्टनं सोडवली. दोन्ही कड्या लावल्या, दोरीसुद्धा नीट गुंडाळून ठेवली."

ओस्वाल्ड थांबला. गेबहार्ड थांबला. ग्रेटल थांबली, म्हणून मागची सगळी गुरं थांबली.

"कोणी सांगितलं होतं लावायला!" बुर्गा ओरडली. ओरडणं तिच्या तोंडून आपोआप निघालं, नेहमीसारखं, समोरच्या उतारापर्यंत.

मारायकेचं हसू विझलं. तिने नवऱ्याकडे पाहिलं, मग बुर्गाकडे. कोड्यात पडल्यासारखी ती म्हणाली, "तुम्हीच."

"बुर्गा?" ओस्वाल्ड म्हणाला. "फाटक लावलेलं होतं?"

बुर्गाने तोंड उघडलं. ओरडायला कोणीच समोर नव्हतं. "लावलेलं होतं," ती म्हणाली. "उघडून मी बांधलं होतं, आणि पाटीवर लावा म्हणून मीच लिहिलं होतं. मला त्याच दिवशी कळलं." मग मारायकेकडे वळून म्हणाली, "बाई, तुमची काही चूक नाही. तुम्ही बरोबर वाचलंत."

गेबहार्ड तिच्यासमोर येऊन उभा राहिला. आम्ही त्याला कधी रागावलेलं पाहिलं नव्हतं.

"कालवड गेली, ती गारांनी नेली असं मी म्हटलं असतं," तो म्हणाला. "माझी गाय बिनफुलांची आली, तेही गिळलं असतं. सबंध जन्म गिळलंय. पण बुर्गा, त्या दिवसापासून रोज रात्री झोपताना मी या माणसांना शिव्याशाप दिलेत. या बाईला! माझी प्रार्थना झाली की ह्यांना शाप द्यायचा, असा नेम केला होता मी. आणि तू ऐकत होतीस. माझ्या समोर बसून मान हलवत होतीस."

"गेबहार्ड..."

"गप्प बैस! आयुष्यात एकदा गप्प बैस."

बुर्गा गप्प बसली. गेबहार्डने कोटाच्या आतून ते निळं हृदय काढलं. इतका वेळ ते त्याने छातीशी धरून आणलं होतं, कशासाठी ते त्यालाच माहीत.

"उद्या ग्रेटल जाते. माझ्या दारावर हे आता शोभणार नाही आणि चुलीत घालायला हात होत नाही. तू घे. तुझ्या पाटीखाली ठोक." ते तिच्या हातात कोंबून तो ग्रेटलच्या गळ्याला धरून चालू लागला आणि मागची गुरं त्याच्यामागे निघाली. बुर्गा गुरांच्या पुढे नव्हती अशी ती पहिलीच वेळ. वाटेचं काय करायचं म्हणून ओस्वाल्डने जाता जाता विचारलं. "राहू दे चालू," ती म्हणाली, आणि मारायकेच्या हातातून बिस्किटांचा डबा घेतला, कारण ती बाई रडत होती आणि डबा धरून कशी उभी राहणार?

दुसऱ्या दिवशी ग्रेटलला न्यायला गाडी आली तेव्हा बुर्गा गावात नव्हती. ती हातोडी घेऊन रिकाम्या कुरणावर गेली होती. पाटी तिने काढली नाही. तिच्या खाली, खांबावर, तिने हृदय ठेवून पाहिलं, मग आणखी खाली सरकवलं, आणि ग्रेटलचं कपाळ जिथवर यायचं तिथे ठोकलं. एक खिळा वाकला, तेव्हा तिने एकच शिवी दिली, ती स्वतःला. मग, आत अडवायला आता एकही जनावर नव्हतं म्हणून, फाटक पूर्ण उघडून बापाच्या गाठीने बांधलं आणि ती खाली उतरली.